करप्याआधीची फवारणी: कायटोसानचे नॅनोकण घरी कसे बनवायचे आणि कसे मारायचे

बेळगावजवळच्या कडोलीच्या शिवारात टोमॅटो, ढबू आणि कोबीज करणाऱ्या माझ्या दिरांनी दुकानातून एक बाटली आणली. लेबलावर 'नॅनो' आणि 'जैविक' हे दोन शब्द मोठ्ठे, बाकी सगळं मुंगीएवढ्या इंग्रजीत आणि कानडीत. "वहिनी, तुम्ही केमिस्ट्री शिकवताय, हे काय आहे सांगा बघू. मारून करपा थांबतोय काय?" मी बेळगावात पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते. बाटलीत कायटोसान होतं. करपा म्हणजे पानांवर ठिपके पाडून ती वाळवणारा बुरशीचा रोग. 'करपा थांबतो काय' याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की कायटोसानच्या कणावरचा धन भार हीच त्याची सगळी ताकद. बनवण्यापासून पानावर पडेपर्यंत तो भार ज्यानं सांभाळला त्याला गुण येतो. ज्यानं बोअरच्या पाण्यात किंवा भलत्या औषधात मिसळून तो घालवला, त्यानं नुसतं पाणी मारलं म्हणायचं.

आधी वस्तू काय ते समजून घ्या

कोळंबी, खेकडा यांच्या कवचात कायटिन असतं. बुरशीच्या पेशीभित्तीतही तेच असतं, आणि १८११ साली ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते पहिल्यांदा वेगळं केलं ते अळंब्यांतूनच. कायटिनवर तीव्र अल्कलीची प्रक्रिया केली की त्यातले ॲसिटाइल गट निघतात, अमिनो गट मोकळे होतात आणि कायटोसान तयार होतं. आपल्याकडे ते कोळंबीच्या टाकाऊ कवचापासून बनतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं यावर पुष्कळ काम केलेलं आहे.

कवचापासून कायटोसान घरी करायच्या भानगडीत पडू नका. त्याला चाळीस-पन्नास टक्के कॉस्टिक सोडा गरम करावा लागतो. ते काम कारखान्याचं आहे, परसातल्या चुलीचं नाही.

मोकळे अमिनो गट आम्लात हायड्रोजन आयन धरतात, आणि साखळीवर ठिकठिकाणी धन भार येतो. पीएच साडेसहाच्या खाली असेल तोवर हा भार टिकतो. त्याच्या वर गेला की भार जातो आणि कायटोसान पाण्यातून बाहेर पडतं. साडेसहा हा आकडा लक्षात ठेवा, पुढं तो पुन:पुन्हा येणार आहे.

बुरशीच्या पेशीचं बाहेरचं आवरण ऋण भाराचं असतं. धन भाराचा कण तिथं चिकटतो, पटलाला भोकं पडतात आणि आतला ऐवज बाहेर गळतो. कायटोसान बुरशीला लागणारी काही धातुद्रव्यंही पकडून ठेवतं. मला मात्र जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं काम. वनस्पतीच्या पेशीवर कायटिन ओळखणारे ग्राही असतात, आणि भातात त्यांचा चांगला अभ्यास झालेला आहे. कायटिनचे किंवा कायटोसानचे तुकडे पानावर पडले की झाडाला वाटतं बुरशी आली. मग ते कायटिनेज, ग्लुकानेज अशी विकरं बनवतं, पेशीभित्ती जाड करतं, लिग्निन साठवतं. म्हणजे खरा शत्रू यायच्या आधीच झाड तयारीला लागतं.

यातूनच वापराचा पहिला नियम निघतो. फवारणी रोगाच्या आधी करायची. पानावर ठिपके पसरल्यावर कायटोसान मारून 'गुण नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

नॅनो कशाला?

साध्या द्रावणातली कायटोसानची लांब साखळी सुटी पसरलेली असते. तिच्यात सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट घातलं की त्याचा ऋण भार आणि साखळीचा धन भार एकमेकांना ओढतात आणि साखळ्या गुंडाळून बारीक गोळ्या बनतात, साधारण शंभर ते काहीशे नॅनोमीटरच्या. उष्णता नको, विषारी विद्रावक नको. ही पद्धत १९९७ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी औषधनिर्मितीसाठी मांडली आणि पुढं शेतीत आली. कण बारीक म्हणजे त्याच ग्रॅमात पृष्ठभाग जास्त, पानाशी आणि बीजाणूशी गाठ जास्त.

आपल्या भागाला जवळचं उदाहरण नाचणीचं आहे. तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठात २०१६ च्या सुमारास नाचणीवर असे नॅनोकण फवारून पाहिले. करप्याची लक्षणं उशिरा दिसली, रोग कमी राहिला आणि पानांतली संरक्षक विकरं वाढलेली आढळली. उदयपूरला तांबं जोडलेल्या कायटोसान नॅनोकणांवर टोमॅटोच्या लवकर येणाऱ्या करप्यासाठी आणि झाड वाळवणाऱ्या 'मर' रोगाच्या बुरशीसाठी काम झालं. खानापूर आणि चंदगडकडची नाचणी-भात करणारी माणसं आणि आमच्याकडचे टोमॅटोवाले, दोघांनाही हे उपयोगाचं आहे.

तरी एक गोष्ट आधीच सांगते. कण बनवण्याचा व्याप जमत नसेल तर साधं कायटोसान द्रावणही काम करतं. युरोपात २०१४ पासून कायटोसान हायड्रोक्लोराइड पीकसंरक्षणात वापरायला मान्यता आहे, तेसुद्धा साधंच, नॅनो नव्हे. 'नॅनो' शब्दासाठी चौपट पैसे मोजू नका. दुकानात विचारायचं ते हे: कायटोसान किती टक्के? डीॲसिटायलेशन, म्हणजे त्यातले ॲसिटाइल गट किती टक्के निघालेत? द्रावणाचा पीएच किती? या तीनपैकी एकाचंही उत्तर लेबलावर नसेल तर बाटली परत ठेवा.

सामान

दहा लिटर फवारणीसाठी, म्हणजे भाजीच्या चार-सहा सऱ्यांवर करून बघण्यापुरतं, हे लागेल.

कायटोसान पावडर १० ग्रॅम. डीॲसिटायलेशन ८५ टक्के किंवा वर, आणि शक्यतो कमी रेणुभाराची. जास्त रेणुभाराची पावडर विरघळायला वेळ घेते, द्रावण चिकट होतं आणि कण मोठे पडतात. सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट २ ग्रॅम. मासे टिकवायच्या उद्योगात वापरतात ते खाद्य दर्जाचं घ्या, साबणाच्या पावडरीत घालतात ते नको. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर, ४ टक्क्यांचं, २०० मिली. लिटमस कागद पुरत नाही. ४ ते ७ मधला फरक दाखवणाऱ्या पीएच पट्ट्या आणा, त्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे मिळतात. एक ग्रॅम नीट दाखवणारा छोटा वजनकाटा. प्लास्टिकची किंवा स्टीलची दोन भांडी. ॲल्युमिनियम आणि लोखंड नको, कारण आम्ल धातू खातं आणि कायटोसान सुटलेला धातू धरून बसतं.

व्हिनेगरऐवजी पक्कं ॲसेटिक ॲसिड मिळालं तर ८ ग्रॅम पुरतं. ते कातडी जाळतं, वाफ डोळ्यांत जाते. आम्ही कॉलेजात ते धुराड्याखाली उघडतो. घरी व्हिनेगरच बरं.

कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यानं पावडर हाताळू नये. बाकीच्यांनीही मोजताना नाकातोंडाला मास्क लावावा, पावडर हलकी असते आणि उडते.

पाणी

इथं थोडं रेंगाळते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं.

कडोलीच्या तांबड्या मातीतल्या विहिरीचं पाणी बऱ्यापैकी सौम्य आहे. माझं माहेर सदलग्याकडचं, दूधगंगेच्या काठचं, काळ्या मातीचं. तिथल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, किटलीत पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही. अथणी, रायबाग भागातल्या पुष्कळ बोअरचं तेच. अशा पाण्याचा पीएच आठच्या आसपास असतो. बाजारातलं तयार कायटोसान लिटरला दोन मिली प्रमाणात अशा पाण्यात घातलं, की बाटलीतलं थोडंसं आम्ल लगेच संपतं, पीएच साडेसहाच्या वरच राहतो आणि कायटोसानचा भार पंपातच जातो.

हे डोळ्यांनी बघता येतं. कायटोसानचं निवळ द्रावण चमचाभर घ्या. एका काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा आरओचं पाणी, दुसऱ्यात तुमच्या बोअरचं. दोन्हीत चमचाभर द्रावण सावकाश सोडा आणि उजेडाकडे धरा. पहिल्यात ते दिसेनासं होतं. दुसऱ्यात पांढरे तंतू तरंगायला लागतात आणि थोड्या वेळात त्यांचे बारीक पुंजके होतात. माझ्या सदलग्याच्या दादाला हा प्रयोग मी त्याच्याच स्वयंपाकघरात दाखवला. तो ग्लास हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आजपर्यंत हेच मारत होतो की आम्ही."

उपाय सोपा आहे. कण बनवायला पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणीच घ्या, पाच लिटरचा तर प्रश्न आहे. पंपात वाढवायला बोअरचंच पाणी असेल तर आधी त्यात थोडं थोडं व्हिनेगर घालत ढवळा आणि पट्टीवर पीएच साडेपाचच्या जवळ आणा. जड पाण्याला दहा लिटरमागे ५० ते १०० मिली व्हिनेगर सहज लागतं. मगच द्रावण ओता, आणि ओतल्यावर पुन्हा पट्टी बुडवून बघा. सायट्रिक आम्लानं पीएच उतरवू नका. सायट्रेट स्वतःच कायटोसानशी जोड करतं आणि गुठळ्या होतात.

कण बनवणं

संध्याकाळी सुरुवात करा, म्हणजे रात्र हाताशी राहते. पावणेचार लिटर पाण्यात २०० मिली व्हिनेगर घाला. १० ग्रॅम कायटोसान एकदम न ओतता चिमटीनं भुरभुरत, ढवळत घाला. एकदम ओतलं तर बाहेरून ओला आणि आतून कोरडा असा गोळा होतो, तो दुसऱ्या दिवशीही फुटत नाही. ताक घुसळायची विजेची रवी या कामाला छान, मंद वेगावर. अर्ध्या तासानं झाकून ठेवा, झोपायच्या आधी एकदा ढवळा. सकाळपर्यंत द्रावण निवळ, किंचित पिवळसर आणि किंचित चिकट होतं. मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळून घ्या, न विरघळलेले कण राहिले तर पुढं नोझल तुंबतं. पीएच साडेचार ते पाच असायला हवा.

दुसऱ्या भांड्यात एक लिटर पाण्यात २ ग्रॅम ट्रायपॉलीफॉस्फेट विरघळवा. मग कायटोसानचं द्रावण सतत ढवळत ठेवून त्यात हे पाणी थेंबाथेंबानं सोडा. सलाईनची रिकामी बाटली आणि नळी टांगली की धार हवी तशी बारीक करता येते, आणि आमच्या घरी तेच चालतं. लिटरभर पाणी जायला अर्धा-पाऊण तास लागला पाहिजे. उलट क्रमानं, म्हणजे फॉस्फेटच्या पाण्यात कायटोसान ओतलं, तर कण बनत नाहीत, गठ्ठे बनतात.

सुरुवातीला काहीच घडताना दिसत नाही. बरंचसं पाणी गेल्यावर द्रावणाचा रंग बदलतो. निवळपणा जातो आणि भाताच्या पातळ पेजेसारखी निळसर-पांढरी झाक येते. ही झाक म्हणजे कण तयार झाले. अंधाऱ्या खोलीत मुलांच्या खेळण्यातला लेझर काचेच्या ग्लासातून सोडा. आधी काढून ठेवलेल्या साध्या द्रावणात किरण फिका दिसतो, कण झालेल्या द्रावणात त्याची ठळक लाल रेघ दिसते. लेझर डोळ्यांवर कुणाच्याही जाऊ देऊ नका.

झाक येऊन द्रावण दुधासारखं गडद झालं आणि तळाशी पांढरा गाळ बसायला लागला, तर फॉस्फेट जास्त झालं किंवा पीएच चढला. तिथंच थांबा. कायटोसान पाच भाग आणि फॉस्फेट एक भाग हे प्रमाण धरलंय ते गाळ टाळायलाच. प्रयोगशाळेत तीनास एकपर्यंत जातात, पण तिथं चुंबकीय ढवळणी आणि कणाचा आकार मोजायचं यंत्र असतं. घरच्या द्रावणात नॅनोकणांबरोबर काही मोठे कणही असणारच. आपल्या कामाला ते चालतात.

सगळं घातल्यावर आणखी अर्धा तास ढवळा. हे झालं पाच लिटर मूळ द्रावण. फवारताना तेवढंच पाणी मिसळून दहा लिटर करा, म्हणजे लिटरला एक ग्रॅम कायटोसान, ०.१ टक्का. काकडी, दोडका यांच्या कोवळ्या वेलांना निम्मं करा. मूळ द्रावण सावलीत ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा. पुढं कण एकमेकांना चिकटत जातात, आणि उन्हाळ्यात द्रावणाला वासही येतो.

मारणं

पहिल्यांदा चार-पाच झाडांवरच मारा आणि दोन दिवस पानांच्या कडा बघा. व्हिनेगर जास्त झालं असेल तर कडा करपतात. काही झालं नाही तर पुढं जा.

भाजीला मी रोपांच्या ट्रेपासून सुरुवात करायला सांगते. रोपाला दोन-तीन खरी पानं आल्यावर एकदा, लागणीच्या आठवडाभर आधी एकदा, लागण रुजल्यावर दहा-बारा दिवसांनी पुन्हा, आणि तिथून दर बारा ते पंधरा दिवसांनी. रोप कोलमडण्याचा त्रास असेल तर ट्रेच्या कोकोपीटमध्येही तेच ०.१ टक्क्याचं पाणी द्या. भात-नाचणीला तरू (रोपं) उपटायच्या आधी एक आणि फुटव्याच्या वेळी एक फवारणी, म्हणजे श्रावण-भाद्रपदातल्या धुक्याच्या, झिमझिम पावसाच्या दिवसांच्या आधी झाड तयार असतं. मिरचीला फळकुजीसाठी फुलोऱ्यापासून धरा.

वेळ सकाळी दव सुकल्यावर किंवा ऊन उतरल्यावर. भर उन्हात, तहानलेल्या पिकावर मारू नका. कायटोसानमुळे पानाची रंध्रं काही काळ मिटतात. ताणात असलेल्या झाडाला दुपारी ते सोसत नाही, आणि थेंब सुकून कणही तिथंच एकत्र चिकटतात. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, बुरशी बरेचदा तिथूनच शिरते. फवारल्यावर दोन-तीन तास पाऊस नको. थर सुकला की थोडाफार पाऊस सोसतो, पण आमच्या पश्चिम भागातल्या आषाढातल्या धारेपुढं तो टिकत नाही. तेव्हा उघडीप बघूनच मारा.

पंपात काय मिसळायचं नाही ते भाऊजींनी शेडच्या दारावर खडूनं लिहून ठेवलंय. ह्युमिक ॲसिड नाही, ०:५२:३४ (फॉस्फेटचं विद्राव्य खत) नाही, सल्फेटवालं कोणतंही खत नाही, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) नाही, साबणाचं पाणी नाही. ह्युमिक, फॉस्फेट आणि सल्फेट ऋण भाराचे आहेत, ते कायटोसानला ओढून गाळ करतात. बोर्डोतला चुना पीएच चढवतो. साबणाचं दोन्ही. चिकट द्रव्य हवंच असेल तर 'नॉन-आयोनिक', म्हणजे भार नसलेलं, असं लिहिलेलं घ्या. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) सोडलेल्या मुळाशी हे पाणी लगेच देऊ नका, तीही बुरशीच आहे. आठवडाभराचं अंतर ठेवा.

कुठं विसंबायचं नाही

बटाट्याचा उशिरा येणारा करपा, द्राक्षाचा डाऊनी (केवडा), हे रोग करणारे जीव दिसायला बुरशीसारखे पण खऱ्या बुरशी नव्हेत. त्यांची पेशीभित्ती मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकानची असते. कायटोसाननं झाडाची तयारी तिथंही होते, पण ढगाळ हवेत, रात्रंदिवस पान ओलं असताना बटाट्याचं शेत दोन-चार दिवसांत काळं पडतं. त्या वेळी शिफारशीचं बुरशीनाशकच मारायचं. उचगाव, बेकिनकेरेकडच्या बटाटेवाल्यांना मी कायटोसानच्या भरवशावर राहा असं कधीच सांगणार नाही.

सोयाबीनच्या तांबेऱ्याचंही तसंच. पानामागं पुळ्या दिसल्यावर ट्रायझोल गटातलं शिफारशीचं औषध लागतं. आणि त्याच्याही आधी वाण बघा. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा डीएसबी २१ हा तांबेऱ्याला प्रतिकार करणारा वाण आहे. चांगलं बी निवडून जे साधतं ते कुठल्याही फवारणीनं साधत नाही, आणि त्याला पंप उचलायला लागत नाही.

मग कायटोसानची जागा कुठली? दोन रासायनिक फवारण्यांच्या मधली. आठ दिवसांनी एक विषारी औषध मारणारा माणूस पंधरा-वीस दिवसांवर जाऊ शकला, तर खर्च वाचतो, तोडणीच्या टोमॅटोवर विषाचा अंश कमी राहतो, आणि तेच तेच औषध खाऊन बुरशी निगरगट्ट व्हायची गती मंदावते. मला याची एवढी ओढ आहे ती माझ्या जावेमुळं. तोडणीला तीच पुढं असते. सकाळी फवारलेल्या सरीत दुपारी हात घालून तिच्या बोटांची सालं निघालेली मी बघितली आहेत. तो वाफा धरून बसणारा वास तिच्या साडीतून धुतला तरी जात नसे. आता तोडणीच्या आठवड्यात त्या सऱ्यांत कायटोसानच मारायचं, असं आमच्या घरात ठरलेलं आहे.

कायटोसानच्या कणात बुरशीनाशक, तांबं, जस्त किंवा अजवायन-लवंगेच्या तेलातली द्रव्यं भरण्याचं संशोधन जोरात आहे. घरी तसलं काही मिसळून बघू नका. अशा कणातून औषध किती वेगानं सुटतं आणि फळात किती उरतं हे मोजल्याशिवाय ते अन्नावर मारणं बरोबर नाही. केंद्र सरकारनं २०२० मध्ये नॅनो शेती-उत्पादनांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली ती याचसाठी. आणि आपण बनवलेलं द्रावण आपल्या शेतात मारणं वेगळं, बाटल्यांत भरून 'बुरशीनाशक' म्हणून विकणं वेगळं. विकायचं असेल तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते.

गुण आला हे कसं ओळखायचं

'यंदा रोग कमी होता' हा पुरावा नाही. यंदा पाऊसही कमी असेल. शेजारी शेजारी तीन पट्टे ठेवा, प्रत्येकी दोन सऱ्या. एकात कायटोसानचे कण. एकात काहीच नाही. तिसऱ्यात तेवढंच व्हिनेगर घातलेलं नुसतं पाणी. हा तिसरा पट्टा सगळे गाळतात, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ॲसेटिक आम्ल स्वतःही बुरशीला थोडं अडवतं. तिसऱ्या पट्ट्याशिवाय गुण कायटोसानचा की व्हिनेगरचा हे कळायचंच नाही.

प्रत्येक पट्ट्यात मधली दहा झाडं निवडून त्यांना सुतळी बांधा. दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, त्या झाडांच्या खालच्या पाच पानांपैकी किती पानांवर ठिपके आहेत ते वहीत लिहा. टोमॅटोच्या करप्याचा ठिपका ओळखायला सोपा: तपकिरी, आत एकात एक गोल कडी, भोवती पिवळं. असा ठिपका नसेल आणि शंका वाटत असेल तर पान कोरड्या कागदात गुंडाळून जवळच्या रयत संपर्क केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. जिल्ह्यात मत्तीकोप आणि तुक्कानट्टी अशी दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत. प्लास्टिकच्या पिशवीत पान नेऊ नका, वाटेत कुजतं आणि मग तिथल्या माणसालाही काही सांगता येत नाही. जीवाणूचा ठिपका किंवा अन्नद्रव्याची कमतरता यांना करपा समजून कायटोसान मारणारे बरेच भेटतात.

तोडणीला तिन्ही पट्ट्यांचा माल वेगवेगळ्या क्रेटमध्ये भरा आणि वजन लिहा. मार्केट यार्डात दलाल जो माल बाजूला काढतो तोही मोजा. पानावरचे ठिपके कमी झाले पण विकाऊ माल तेवढाच राहिला, तर पुढच्या हंगामात फवारण्या कमी करून रोपांच्या ट्रेपुरतंच कायटोसान ठेवा.

फवारणी झाल्यावर पंप लगेच धुवायचा. कायटोसान सुकलं की त्याचा पातळ पापुद्रा होतो आणि तो साध्या पाण्यात विरघळत नाही. लिटरभर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून ते नोझलमधून काढा, मग दोनदा साधं पाणी. पितळी नोझल असेल तर व्हिनेगर आत ठेवून सोडू नका, पितळ हिरवं पडतं. आणि आधी बोर्डो मारलेला पंप असेल तर ही धुलाई फवारणीच्या आधीही करा.